पॅरिसचा पास काढावा की सुटी तिकिटं घ्यावीत?

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांचे यजमान, दोघंही निवृत्त. मुलगा-सून लंडनजवळ राहतात. येत्या मे महिन्यात हे दोघं तिकडे तीन आठवड्यांसाठी जाणार आहेत आणि मधले पाच दिवस तेरा वर्षांच्या नातीला घेऊन पॅरिस बघणार आहेत. यजमानांनी ९६ तासांचा म्युझियम पास घ्यायचं ठरवलं आहे आणि कागदावर चौदा ठिकाणं बसवली आहेत. पुण्याचा पुतण्या २०२३ मध्ये जाऊन आला. त्याच्या मते पास न घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. ट्रॅव्हल एजंट आणखी मोठा, बस-बोटीसकट सगळं असलेला पास सुचवतो आहे. तिघांसाठी आणि आत्ताच. ताईंचे गुडघे दुखतात. कमाटीबागेतल्या संग्रहालयात त्या लहानपणापासून जात आल्या आहेत, चित्रांची आवड तिथली. त्या लिहितात, "पास घेतला आणि वसूल झाला नाही तर ऐकावं लागेल. सुटी तिकिटं घेतली आणि महाग पडली तरी ऐकावं लागेल. मला ओर्से म्युझियममध्ये फक्त निवांत बसायचंय. काय करू?"

ताई, नमस्कार.

चौदा ठिकाणांची यादी तुमच्या पत्रात सविस्तर आहे. तुम्हाला स्वतःला काय बघायचंय ते मात्र एका ओळीत आलंय, तेही शेवटी. म्हणून आधी त्या यादीबद्दल विचारते. ती तयार कशी झाली? माझा अंदाज असा की पास आधी ठरला, मग त्यात काय काय येतं ते बघितलं गेलं, आणि येतंय ते सगळं कागदावर उतरलं. पॅरिसच्या म्युझियम पासमध्ये पन्नासच्या वर ठिकाणं आहेत. त्यातून चौदा निवडली म्हणजे यजमानांनी आपल्या परीने काटकसरच केली! पण पासात आहे म्हणून यादीत आलं आणि यादीत आहे म्हणून पास हवा, असं ते चक्र झालं. ते तोडायला सोपा प्रश्न आहे: ही सगळी ठिकाणं फुकट असती, तर पाच दिवसांत तुम्ही कुठे गेला असता? आणि कुठे फुकट असूनही गेला नसता?

बडोद्यात आपल्याकडे पाहुणे येतात तेव्हा हे आपल्याला अगदी स्वच्छ कळतं. पुण्याहून कुणी दोन दिवसांसाठी येतं आणि फोनवरच बेत सांगतं: सकाळी लक्ष्मीविलास, दुपारी फत्तेसिंह म्युझियम, मग कीर्तिमंदिर, संध्याकाळी सुरसागर, दुसऱ्या दिवशी पहाटे चांपानेर, वर पावागड, आणि परतताना केवडियाचा पुतळा. आपण काय म्हणतो? अहो, पावागड एकीकडे, केवडिया दुसरीकडे. आणि तुम्ही निवडलाय सोमवार, सोमवारी पुतळा बंद असतो. तरी ते हट्टाने फिरतात आणि राजा रविवर्म्याची चित्रं दहा मिनिटांत उरकून बाहेर येतात. आपल्याला वाईट वाटतं ते त्या दहा मिनिटांचं. पॅरिसमध्ये तुम्ही त्या पाहुण्यांच्या जागी आहात, आणि तिथे तुम्हाला अडवणारं घरचं कुणी नाही.

आता पासाची बाजूही नीट मांडते, कारण तो वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. हा पास ४८, ९६ किंवा १४४ तासांचा मिळतो. घड्याळ पहिल्या प्रवेशापासून सुरू होतं. म्हणजे सोमवारी दुपारी तीनला पहिल्यांदा वापरला तर ९६ तासांचा पास शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत चालतो. पोचल्या दिवशी दुपारनंतर सुरू केला तर तारखा पाच मिळतात. प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येतं. लूव्र, ओर्से, ऑरांजरी, व्हर्सायचा राजवाडा, सेंट-शापेल, रोदँचं म्युझियम, आर्क द त्रियाँफची गच्ची, नेपोलियनची समाधी असलेलं अँव्हालिद, पाँतेऑं हे सगळं त्यात येतं. आयफेल टॉवर येत नाही. सेन नदीतली बोट, मेट्रो येत नाही. व्हर्सायच्या बागेत कारंज्यांचे कार्यक्रम असतात त्या दिवशी बागेचं तिकीट निराळं काढावं लागतं.

पासाचा एक मोठा फायदा मात्र क्वचितच कुणी बोलून दाखवतं. तो हातात असला की अर्ध्या तासासाठीही एखाद्या ठिकाणी शिरता येतं. एक दालन बघितलं, पाय दुखले, बाहेर आलो. जिवाला लागत नाही. सुट्या तिकिटाचं उलट होतं. लूव्रचं तिकीट युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी जानेवारी २०२६ पासून ३२ युरो झालंय. रुपयांत तीन हजारांच्या वर जाणारी ही रक्कम मोजून आत गेलेला माणूस दीड तासात बाहेर यायला तयार होत नाही. तिथे सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत, आणि तो त्यातल्या जमतील तेवढ्यांसमोरून नुसता चालत राहतो. म्हणजे दमवणारा पासच असतो असं नाही, तिकीटही दमवतं. दोन्हीकडे मूळ एकच: भरलेले पैसे पायांनी फेडायची आपली सवय. ते पैसे तिकीट काढलं त्या क्षणी गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला गुडघा सुजलेला असताना पाँतेऑंच्या पायऱ्या चढल्या म्हणून त्यातला एक युरोही परत येणार नाही, उलट चौथा दिवस हातचा जाईल. हे मी तुम्हाला सांगतेय, पण खरं तर दोघांनी मिळून निघण्यापूर्वी मान्य करण्याची गोष्ट आहे.

पुतण्याच्या हिशोबाबद्दल. त्याने २०२३ मध्ये गणित केलं तेव्हा लूव्रचं तिकीट १७ युरो होतं. २०२४ मध्ये ते २२ झालं आणि आता आपल्यासाठी ३२. व्हर्साय आणि सेंट-शापेल इथेही आता युरोपाबाहेरच्यांना वेगळा, जास्त दर आहे. पासाच्या किमतीही दरम्यान वाढल्या. त्यामुळे त्याचं उत्तर तेव्हा बरोबर असेल, पण ते आज वापरता येणार नाही. गणित नव्यानेच मांडा आणि दर त्या त्या म्युझियमच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, कारण मधल्या विक्रेत्यांच्या साइटवर तेच तिकीट त्यांची रक्कम मिळवून दिसतं. एका कागदावर फक्त तुम्ही नक्की जाणार ती ठिकाणं, समोर दर, खाली बेरीज. शेजारी पासाची किंमत. फरक थोडाच निघाला, तर तो फरक विसरून सोय बघा. पैशांचा निकाल दहा मिनिटांत लागतो. त्यासाठी घरात आठवडाभर धुसफूस नको.

आणि या बेरजेत नातीला धरू नका. एजंटने तिघांचे पास सांगितले, ते ऐकून मला आश्चर्य वाटलं. लूव्र, ओर्से, व्हर्साय, सेंट-शापेल, आर्क द त्रियाँफ या सगळ्या ठिकाणी अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, मग देश कुठलाही असो. तिच्यासाठी पास घेणं म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट विकत घेणं. जिथे वेळेचं आरक्षण लागतं तिथे तिचंही मोफत आरक्षण करा आणि वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा, एवढंच.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तुमच्या पत्रात, एजंटच्या बोलण्यात, पुतण्याच्या सल्ल्यात, सगळीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: घरातल्या सगळ्यांनी एकच काहीतरी घ्यायचं. का? पास माणसागणिक असतो. यजमानांना चौदा ठिकाणं बघायची आहेत, त्यांचे पाय चांगले आहेत, त्यांनी पास घ्यावा. तुम्ही चार ठिकाणांची सुटी तिकिटं घ्या. नातीला दोन्हीकडे मोफत, ती कधी आजोबांबरोबर, कधी तुमच्याबरोबर. लूव्र आणि व्हर्साय तिघांनी एकाच वेळेचं आरक्षण करून बरोबर बघा. मग एका सकाळी ते दोघं आर्क द त्रियाँफच्या २८४ पायऱ्या चढतील, अँव्हालिदमधल्या तोफा-चिलखतं बघतील, आणि तुम्ही ओर्सेमध्ये पाचव्या मजल्यावर लिफ्टने जाऊन मोने-रन्वार या चित्रकारांच्या चित्रांसमोर बाकावर बसाल. दुपारी जेवायला एकत्र भेटायचं. परक्या शहरात नवरा-बायकोने तीन तास वेगळं फिरणं आपल्या पिढीला चमत्कारिक वाटतं, मला ठाऊक आहे. पण फोन आहेत, भेटायची जागा ठरवता येते, आणि संध्याकाळी एकमेकांना सांगायला दोघांकडेही काहीतरी असतं. तीन दिवस एकमेकांच्या वेगाशी भांडत बरोबर चालण्यापेक्षा मला हे खूप बरं वाटतं.

यजमानांशी बोलताना त्यांचा कागद बाजूला सारू नका. त्या कागदात त्यांचे कितीतरी दिवस गेले असतील, आणि प्रवासाचा निम्मा आनंद ते आत्ताच घेताहेत. त्यांना पास का हवाय हेही एकदा विचारा. निवृत्त माणसाला तिथे प्रत्येक दारात पाकीट काढणं, युरोचे रुपये करणं आणि दर वेळी मनात कळ येणं याचा खराखुरा त्रास होतो. एकदाच मोठी रक्कम द्यावी आणि मग डोक्याला शांतता, असं त्यांना वाटत असेल तर ते काही चुकीचं नाही. तसं असेल तर सुटी तिकिटंही इथूनच, बडोद्यात बसून आगाऊ काढता येतात. तिथे पोचल्यावर पाकीट उघडायची वेळच येणार नाही. दुसरी भीती रांगेची असेल. त्याबद्दल मात्र त्यांना स्पष्ट सांगा, की पास असला तरी सामान तपासणीची रांग सगळ्यांना असते. आणि लूव्र, व्हर्साय, सेंट-शापेल इथे पासधारकालाही दिवस आणि वेळ आधी आरक्षित करावीच लागते. पास हातात आहे, मनात येईल तेव्हा जाऊ, हे या मोठ्या ठिकाणी चालत नाही. मे महिन्यात तर नाहीच.

मग त्यांच्या कागदावर तिघांनी खुणा करा. त्यांना जी तीन ठिकाणं चुकवायची नाहीत ती त्यांनी, तुमची तीन तुम्ही, आणि नातीची दोन. तिला कुणी विचारलंय का? तेराव्या वर्षी चार दिवस फक्त म्युझियम म्हणजे शिक्षा वाटू शकते. ती कदाचित आयफेल टॉवर म्हणेल, कदाचित नुसतं नदीकाठी आइस्क्रीम खात बसायचंय म्हणेल. नोत्र-दामचं चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, तिथे प्रवेशाला पैसे नाहीत. माँमार्त्रच्या टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चमध्येही नाहीत. पती पाले हे कलासंग्रहालय आणि शहराच्या इतिहासाचं कार्नाव्हाले म्युझियम, या दोन्हींचा कायमचा संग्रह विनामूल्य बघता येतो. पास घेतलेला माणूस या जागांकडे फिरकत नाही, कारण तिथे त्याचं काही वसूल होत नाही. मला तर कार्नाव्हाले पाँतेऑंपेक्षा अधिक आवडतं; जुन्या दुकानांच्या पाट्यांचं एक दालन आहे, मुलांना तिथून हलवावं लागतं.

एजंटच्या मोठ्या पासाबद्दल थोडक्यात. बस, बोट, चॉकलेटचं म्युझियम, सगळं घालून असा पास भरगच्च दिसतो. त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून विचारा: हे पासात नसतं तर मी यासाठी वेगळे पैसे दिले असते का? नाही, असं उत्तर आलं की ती ओळ खोडा. उरेल त्याची बेरीज म्हणजे तुमच्यासाठी त्या पासाची किंमत. बहुतेक वेळा ती छापील 'बचती'च्या जवळपासही जात नाही.

लंडनसाठी तर कुठलाच दिवसांचा पास घेऊ नका असं मी ठामपणे म्हणेन. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नैसर्गिक इतिहासाचं म्युझियम, सायन्स म्युझियम, टेट मॉडर्न, या सगळ्यांचा कायमचा संग्रह विनामूल्य आहे. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, अमरावतीची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये. आपल्या माणसाने आधी तिकडे जावं. शिवाय तुम्ही मुलाकडे राहणार, आज बाहेर गेलात तर उद्या घरी पोहे करून आराम करणार. लंडनचे दिवसांवर चालणारे पास लागोपाठच्या तारखांचे असतात. दुपारी चारला सुरू केला तरी तो दिवस संपला. तीन आठवडे सावकाश फिरणाऱ्याला ते कधीच परवडत नाहीत. पैसे भरून बघायचं ते दोन-तीन ठिकाणी: टॉवर ऑफ लंडन, जिथे कोहिनूर आहे, आणि वेस्टमिन्स्टर ॲबे. दोन्हीकडे ६५ वर्षांवरच्यांना सवलतीचं तिकीट मिळतं. तुमच्यापैकी जो त्यात बसत असेल त्याने ते मागून घ्या. ॲबेमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचं असेल तर तिकीटच लागत नाही. फिरायला नाही, ऐकायला जायचं. पण पाऊण-एक तास त्या छताखाली खुर्चीवर बसायला मिळतं, गुडघ्यांनाही बरं.

ज्या वाचकांचा बेत देशातलाच आहे त्यांनाही हीच पद्धत लागू पडते. बडोद्याहून सुट्टीत बरीच कुटुंबं जयपूरला जातात. तिथलं एकत्रित तिकीट दोन दिवस चालतं आणि त्यात आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, नाहरगड आणि आणखी काही जागा येतात. सिटी पॅलेस आणि जयगड येत नाहीत, आणि लोकांचा विरस होतो तो तिथल्या दारात. आमेर धरून तीन-चार ठिकाणं दोन दिवसांत बघणारच असाल तर ते तिकीट घ्या. फक्त आमेर आणि सिटी पॅलेस बघायचे असतील तर सुटंच बरं. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, हे मोठ्या कुटुंबांनी हिशोबात धरावं. आणि ज्यांच्याकडे एखाद्या शहरात दोनच दिवस आहेत, पाय तरुण आहेत, सकाळी नऊला बाहेर पडून सहाला परतायची हौस आहे, त्यांनी पास जरूर घ्यावा. त्यांच्यासाठीच तो असतो.

ताई, आता तुमच्या तारखांचं. लूव्र मंगळवारी बंद असतं, ऑरांजरीही. ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. त्यामुळे मंगळवारी ओर्सेला आणि व्हर्सायला गर्दी उसळते, ते टाळा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. या संध्याकाळच्या वेळा तुमच्यासाठी उत्तम आहेत: सकाळी एक ठिकाण, दुपारी हॉटेलवर पाय वर करून पडायचं, संध्याकाळी पाचला पुन्हा ताजेतवाने. व्हर्सायला एक अख्खा दिवस द्या आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. ऑरांजरीमध्ये मोनेची कमळतळ्याची आठ भव्य चित्रं दोन लंबगोल खोल्यांत लावलेली आहेत आणि खोल्यांच्या मध्यभागी बसायला बाकं आहेत. यजमानांच्या यादीत ते अकराव्या क्रमांकावर आहे. तुम्ही ते तुमच्या तीनांत घ्या. पाँपिदू केंद्र दुरुस्तीसाठी २०२५ मध्ये बंद झालंय आणि २०३० पर्यंत उघडणार नाही, त्यांच्या कागदावर ते असेल तर खोडा.

आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं त्यांच्या स्वतःच्या साइटवर साठ दिवस आधी खुली होतात आणि लवकर संपतात. त्या तारखेची खूण कॅलेंडरवर आत्ताच करून ठेवा.

आणि यातलं काहीही विकत घ्यायच्या आधी व्हिसा. ब्रिटनचा वेगळा, फ्रान्ससाठी शेंगेनचा वेगळा, आणि दोन्ही इथून निघण्यापूर्वीच काढायचे. नात आईवडिलांशिवाय तुमच्याबरोबर सीमा ओलांडणार आहे, तेव्हा मुलगा-सुनेकडून सहीचं संमतीपत्र आणि तिच्या जन्मदाखल्याची प्रत मागून घ्या. दोन्ही व्हिसा मिळेपर्यंत एजंटला पासाचा एक रुपयाही देऊ नका. दर वाढेल म्हणून तो घाई करेल, तरीही.